मोटर वर घेणारे यंत्र
(मच्छीमार बंधूंपुढे केलेले भाषण)



ओहोटीला होडी पुळणीकडे आणताना मोटर वेळेवर वर घेतली नाही, तर काय होते हे मी तुम्हांला सांगायला नको. पंखा वाळूत घुसतो, दगडाला लागतो, पाते वाकते. पंचवीस घोड्यांची मोटर म्हणजे पन्नास-साठ किलोंचा बोजा. रोज वाकून ती ओढली, तर कंबर धरणारच.

म्हणून आता विजेवर मोटर तिरपी करून वर घेणारे यंत्र मिळते. मोठ्या मोटरींना ते कारखान्यातच बसवलेले असते. लहान मोटरीसाठी वेगळे विकत घ्यावे लागते. होडीची मागची फळी आणि मोटर यांच्या मध्ये ते बसते. बटण दाबले की बॅटरीवर पंप चालतो, तेलाचा दाब दांड्याला ढकलतो आणि मोटर वर येते.

घेण्याआधी पत्रक पाहा. हे यंत्र किती घोड्यांची, किती वजनाची मोटर पेलेल, ते त्यात छापलेले असते. पत्रक इंग्रजीत असेल. असू दे! आकडे तर आता तुम्हांला वाचता येतात. आपल्या मोटरीच्या आकड्यांशी ते ताडून बघा. दुकानदाराच्या तोंडावर विसंबू नका.

बसवताना चार गोष्टी पाहा.

१. मोटर काही इंच मागे सरकते, म्हणून फळीवर ताण वाढतो. फळी कुजकी असेल, तर आधी ती बदला.

२. बोल्ट न गंजणाऱ्या पोलादाचे आणि फळीच्या आरपार हवेत. भोकांत पाणी अडवणारा मसाला भरा. नाहीतर लाकूड आतून कुजते.

३. मोटर पूर्ण वर घेऊन, दोन्ही बाजूंना वळवून पाहा. कुठलीही तार ताणली जाता कामा नये.

४. बॅटरीची तार जाड घ्या आणि बॅटरीजवळच फ्यूज बसवा. तार घासून उघडी पडली, तर ठिणगी उडते. आणि शेजारी पेट्रोल असते!

आता निगा. समुद्रावरून आल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवा. सांध्यांना ग्रीस द्या. तेल पाहा, ते दुधासारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजा. यंत्राला जस्ताचा तुकडा असेल, तर त्याला रंग लावू नका. खारे पाणी आधी त्याला खाते, म्हणून बाकीचा धातू वाचतो. तो अर्धा झिजला की बदला.

मोटर पाण्याबाहेर असताना चालवू नका. थंड करणारे पाणी मिळाले नाही, तर ती तापून बिघडते. बॅटरी संपली, तर हाताने दाब सोडायचा स्क्रू कुठे आहे, तो किनाऱ्यावरच शोधून ठेवा. अंधारात, लाटांत तो सापडत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. मोटर वर असताना नुसत्या तेलाच्या दाबावर विश्वास ठेवून खाली हात घालू नका. नळी फुटली, तर मोटर झपकन खाली येते. आधी टेकू लावा, दोरी बांधा, मगच पंख्याला हात लावा. मुलांना तिथे खेळू देऊ नका.

तेल कधी घातले, जस्त कधी बदलले, याची तारीख वहीत लिहा. उचलण्याचे काम यंत्र करील. सांभाळण्याचे काम मात्र आपलेच आहे.