बोहारणीशी घासाघीस

जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण दारात बसली की तासभर हुज्जत चालते. ‘अजून एक पँट टाका, ताई.’ ‘एवढ्या कपड्यांवर एवढंसंच पातेलं?’ साडीची जर, पँटचा गुडघा उजेडात धरून पाहिला जातो. दोघीही वैतागतात.

नवऱ्याला न विचारता करता येईल असा बऱ्याच घरांत बाईचा हा एवढाच व्यवहार. म्हणून आपण हट्टाला पेटतो. तिची भांडी मात्र विकत आणलेली. कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून बाजारात विकल्यावर तिची मजुरी सुटणार. (तरी ती ‘अगं’ आणि आपण ‘ताई’!)

सौदा मोडला तर आपलं गाठोडं कपाटात परत जातं. ती टोपली उचलून पुढचा जिना चढते.