ग्राफिक्स कार्डासाठी कर्ज

 

मी टोकावड्याची. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. सातबारा काढून देणं, दाखल्यांचे अर्ज, कॉलेजच्या पोरांचे फॉर्म, हे माझं रोजचं काम. आमच्या बचत गटाची मी कोषाध्यक्ष. पण आज मी फॉर्मांबद्दल बोलणार नाही. कॉम्प्युटरवर गेम खेळायला एक नवं कार्ड निघालं आणि त्याच्यावरून आमच्या घरात आणि गटात काय काय झालं, ते सांगते. कारण आज ना उद्या तुमच्याही घरात हा विषय निघणार आहे.

गोष्ट ७ जानेवारी २०२५ ची. सकाळचे आठ वाजले होते, मी भाकऱ्या थापत होते आणि माझा मोठा मुलगा मोबाइल घेऊन ओट्याशेजारी बसला होता. तो कल्याणला कॉलेजात जातो, त्या दिवशी बस सोडली तरी चालेल म्हणाला. मोबाइलमध्ये चमकदार काळं जाकीट घातलेला एक माणूस हातात काहीतरी धरून बोलत होता. तो एनव्हीडिया कंपनीचा मालकवजा साहेब, जेन्सन हुआंग. तिकडे अमेरिकेत लास वेगासला आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. आणि आमचा पोरगा एकदम उडालाच. "आई, ५४९ डॉलरमध्ये १,५९९ डॉलरवाल्या कार्डाची ताकद! ऐकलंस का?"

मी ऐकलं. कळलं काहीच नाही. पण बारावीचा निकाल लागला तेव्हाही तो एवढा हसला नव्हता.

त्या कार्डाचं नाव आरटीएक्स ५०७०. तेव्हा आपल्याकडे त्याची किंमत ५९,००० रुपयांपासून पुढे होती. त्याला ते हवं होतं, आणि ते बसवायचं होतं माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये. गटातून कर्ज काढ, मी फेडतो, असं त्याचं म्हणणं.

आता हे कार्ड म्हणजे काय, ते मला आधी समजून घ्यावं लागलं. पोरानेच सांगितलं, मी माझ्या भाषेत सांगते. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो ना, तसा कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे ठिपकेच. आडवे १,९२० आणि उभे १,०८०. गुणाकार केला तर वीस लाखांच्या वर ठिपके होतात. आणि गेम चालू असताना ही अख्खी रांगोळी सेकंदाला साठ वेळा पुसून नव्याने काढायची. प्रत्येक ठिपक्याचा रंग दर वेळी ठरवायचा. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर हुशार असतो, पण तो नांगर धरणाऱ्या एकट्या गड्यासारखा. लावणीला काय लागतं? ओळीने वाकलेल्या बायका लागतात. एकेकीचं काम साधंच, पण सगळ्या एकदम लावतात म्हणून आवण दुपारपर्यंत संपतं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती लावणीची रांग. त्या ५०७० मध्ये असे ६,१४४ छोटे कामकरी आहेत. हे ऐकल्यावर मला त्या कार्डाबद्दल थोडा आदर वाटायला लागला, खोटं कशाला बोलू.

दुसरी गंमत उजेडाची. आपल्या जुन्या कुडाच्या घरात सकाळी फटीतून ऊन येतं, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडतं आणि तिथून उडून भांड्यावर चमकतं. खरा उजेड असा उड्या मारत येतो. पूर्वीच्या गेममध्ये उजेड नुसता रंगवलेला असायचा. २०१८ पासून या कंपनीची कार्डं उजेडाची ती वाट खरोखर मोजत जातात. म्हणून पाण्यात आभाळ दिसतं आणि पोरं वेडी होतात.

पण त्या जाकीटवाल्या साहेबाच्या बोलण्यातली एक मेख नंतर कळली. नव्या कार्डात अशी सोय आहे की एक चित्र खरं काढायचं आणि पुढची तीनपर्यंत चित्रं अंदाजाने भरायची. ती भरलेली चित्रं धरली तरच त्या महागड्या कार्डाची बरोबरी होते. ती सोय बंद केली की नाही होत. मार्चमध्ये कार्ड बाजारात आल्यावर लोकांनी तपासून तसं दाखवलं, आणि पोरानेच पडलेल्या चेहऱ्याने मला ते सांगितलं. साडीच्या दुकानात काठ दाखवतात आणि पदर घडीतच ठेवतात, त्यातलाच प्रकार.

गटाच्या बैठकीत मी विषय ठेवला. माझ्याच घरचं कर्ज, म्हणून वही दुसरीच्या हातात दिली आणि बाजूला बसले. पहिलाच प्रश्न आला, "हा जुगार आहे का?" कारण रमीच्या नादात घर धुतलेलं आमच्यातल्या एकीने बघितलंय. मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "काकी, यात पैसे लावत नाहीत. यंत्र विकत घ्यायचं, गेम विकत घ्यायचा, झालं." पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदाच आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. फरक लक्षात ठेवा. पोरगा गेम खेळतो हे एक, आणि पैसे लावतो हे दुसरं.

दुसरी म्हणाली, "खेळायला कर्ज द्यायचं?" तर तिसरीने तिला गप्प केलं. "मागच्या वर्षी हळदीच्या डीजेला दिलं तेव्हा कोणी विचारलं होतं?" मग एक म्हातारी मावशी, जी एरवी बैठकीत पेंगते, ती म्हणाली, "पोरीने मागितलं असतं तर एवढी चर्चा केली असती का गं? सरळ नाही म्हटलं असतं." कोणी काही बोललं नाही. माझी धाकटी नववीत आहे. तिला काय हवं, हे मी तरी कुठे विचारलं होतं?

शेवटी ठरलं की मे महिन्यात मुंबईला जाऊन लेखी यादी आणायची, मग बोलू.

आम्ही तिघं गेलो. टोकावड्याहून एसटीने कल्याण, लोकलने दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोड. कागदावर त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण कोणी म्हणत नाही. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा एवढा बाजार मी पहिल्यांदाच पाहिला. आपल्याकडे बैलबाजारात जशी दाताला हात लावून परीक्षा होते, तशी तिथे पोरं खोकी उलटसुलट करून नंबर वाचत होती.

एका दुकानदाराला मी माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा फोटो दाखवला. तो २०१७ सालचा आहे. त्याने विचारलं, "ताई, यात एसएमपीएस किती वॉटचा आहे?" मला माहीत नव्हतं. मुलाने सांगितलं. दुकानदार हसला. "हे कार्ड एकटंच अडीचशे वॉट मागतं. यात लावाल तर आज चालेल, उद्या एसएमपीएस जाईल, आणि जाताना बोर्डही घेऊन जाईल. यावर तुमचा धंदा आहे ना?" माझ्या पोटात गोळा आला. दाखल्यांच्या दिवसांत माझं दुकान आठ दिवस बंद पडलं तर महिन्याचा खर्च कुठून काढायचा? कार्ड घ्यायचं तर पेटी वेगळीच हवी. प्रोसेसर, बोर्ड, रॅम सगळं नवं. यादीचा आकडा लाखाच्या वर गेला. आम्ही काही न घेता परत आलो. वाटेत पोरगा एक शब्द बोलला नाही.

आणि मग त्याने चूक केली. इंटरनेटवर कोणाचं तरी जुनं कार्ड फक्त १२,००० ला दिसलं. "बुकिंगला २,००० पाठवा" म्हणाला, याने फोनवरून पाठवले. नंबर बंद. चार दिवसांनी मला सांगितलं. मी ओरडले, मग दोघांनी १९३० नंबरला फोन करून तक्रार नोंदवली. पैसे आले नाहीत. असा फोन लगेच करायचा असतो, चार दिवसांनी नाही. जुन्या कार्डांचं आणखी एक आहे. काही वर्षांपूर्वी लोक या कार्डांवर रात्रंदिवस आभासी नाणी काढत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम नावाच्या नाण्याची ती पद्धत बंद झाली आणि राबलेली कार्डं बाजारात आली. वरून पुसून चकचकीत, आतून दमलेली. पक्कं बिल आणि वॉरंटी नसेल तर हात लावू नका.

त्या पावसाळ्यात पोरगा बदलला. माझ्याच कॉम्प्युटरवर दुकान बंद झाल्यावर वाढदिवसाचे, गोविंदाचे, क्रिकेट सामन्यांचे बॅनर बनवायला लागला. दिवाळीपर्यंत २०,००० जमवले. मग त्यानेच यादी खाली आणली. आरटीएक्स ५०६०, जे १४५ वॉटमध्ये भागतं. सगळं मिळून ६६,५०० रुपये. पडदा जुनाच. गटाने ३०,००० दिले, शेकडा एक रुपया व्याजाने, महिना २,००० मुद्दल, पंधरा हप्ते. व्याज सगळं मिळून २,४०० होतं आणि ते गटातच राहतं. उरलेले १६,५०० माझे. आम्ही सुटलो म्हणायचं, कारण दिवाळीनंतर रॅमचे भाव भडकले. एआयच्या मोठमोठ्या केंद्रांना मेमरी लागते, म्हणून आपल्याला महाग.

घरी आणायच्या आधी वायरमनकडून अर्थिंग नीट करून घेतलं. खड्ड्यात मीठ-कोळसा, उन्हाळ्यात तिथे पाणी ओतायचं. आपल्याकडे जूनपासून भिंतीला ओल, त्यात माळशेजकडून येणारा कडकडाट. वीज चमकायला लागली की प्लग काढायचा, हे मी भिंतीवर लिहून ठेवलंय. पेटी जमिनीवर ठेवायची नाही, मुंग्या शिरतात. बिलाचा हिशेबही सांगते. सगळी पेटी साडेतीनशे वॉट धरली तर तीन तासांना साधारण एक युनिट, महिन्याला तीसेक. तुमच्या बिलावरचा दर बघून गुणा.

पहिल्या रात्री त्याने मला जो गेम दाखवला तो पुण्यात तयार झालेला. राजी नावाची मुलगी, तिचा भाऊ गोलू राक्षसांनी पळवलेला, आणि ती त्याला सोडवायला निघते. नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या पुण्याच्या कंपनीने २०२० मध्ये काढला. राजस्थानातल्यासारखे महाल, आपले देव. मी दोन तास बघत बसले. मजा म्हणजे त्याला एवढं भारी कार्ड लागतच नाही! मी तसं बोलून दाखवलं, तर पोरगा म्हणाला, "आई, बाकीचे गेम तुला नाही आवडणार."

धाकटीने त्याच्या हातातून कंट्रोलर घेतला आणि तो जिथे तीनदा पडला होता ती उडी तिने पहिल्यांदाच मारली. आता त्या पेटीवर दोघांच्या वेळा लिहिल्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिच्या. ती गेम कमी खेळते, ब्लेंडर नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावून त्यात आमचं जुनं घर बनवतेय. कुडाच्या फटीतून ऊन येतं तसं आणायचंय म्हणाली. अजून जमलेलं नाही, ऊन फार पांढरं पडतं. परवा मला विचारत होती, "आई, सारवलेल्या जमिनीचा रंग ओली असताना कसा दिसायचा गं?"

मावशीला मी हे सांगितलं. पुढच्या बैठकीला ती स्वतः घरी येऊन बघणार आहे. हप्ता दहा तारखेला असतो, तो पोराने अजून एकदाही चुकवलेला नाही.