पतअहवाल वाचा, हक्क बजावा



बेळ्ळंदूरला पोटापाण्यासाठी आलेल्या आपल्यापैकी कुणी दुचाकी हप्त्यावर घेतली असेल, कुणी क्रेडिट कार्ड. त्या कर्जाची माहिती बँक सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या पतमाहिती कंपन्यांना देते. २००५ च्या कायद्याने ते बँकेवर बंधनकारक आहे; आपण ते थांबवू शकत नाही.

मग आपल्या हाती काय? याच बेंगळुरूचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क रोजच्या व्यवहारात असा वापरा.

पहिले, प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवा, म्हणजे वर्षभर नजर राहील.

दुसरे, फेडलेले कर्ज थकीत दिसते का, आपल्या पॅनवर न घेतलेले कर्ज आहे का, ते पाहा. चूक दिसली तर बँकेकडे किंवा पतमाहिती कंपनीकडे लेखी तक्रार करा, पोच जपून ठेवा. तीस दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तरीही दाद नाही मिळाली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

तिसरे, कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे फोननंबर, कॉलची यादी, फोटो पाहण्याची मुभा नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच ते बंद केले आहे. मागितले, तर ते ॲप काढून टाका.

पासबुक भरून आणता ना? तसाच पतअहवालही वाचा. कर्ज लागण्याआधी वाचा.