कट-ऑफ पाहावा तो यादीच्या तळासाठी

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो : एवढ्या मार्कांना कुठे मिळेल? पहिली यादी लागायला अजून अवकाश असतो, पण गेल्या वर्षीचे कट-ऑफ व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात. मनोरीसारख्या गावात या हिशेबाला आणखी एक पदर आहे. इथल्या मुलाला फेरी बोटीनं खाडी ओलांडून मार्वे गाठायचं, तिथून बसनं मालाड स्टेशन आणि पुढे लोकल. मालाडचं दालमिया किंवा गोरेगावचं पाटकर मिळणं आणि माटुंग्याचं रुईया मिळणं यांत पुढच्या सगळ्या दिनक्रमाचा फरक पडतो. शिवाय प्रवेशाचे दिवस नेमके पावसाळ्याचे. पाणी खवळलं आणि बोट थांबली की गोराई-उत्तनवरून भाईंदरचा वळसा. तेव्हा इथल्या पालकांना आधीच अंदाज हवासा वाटतो, यात गैर काहीच नाही. माझं म्हणणं एवढंच, की तो अंदाज आपण नको तिथे वापरतो. पसंतीच्या यादीत सर्वांत वर काय लिहायचं हे आपण कट-ऑफ पाहून ठरवतो. खरं तर त्याचा उपयोग आहे तो यादीच्या तळाशी.

आधी अंदाज आणि शब्द यांतला फरक पाहू. अमेरिकेत हार्वर्ड, येल वगैरे आयव्ही लीग विद्यापीठांत ‘लाइकली लेटर’ नावाचा प्रकार आहे. त्यांचा रीतसर निकाल मार्चच्या अखेरीस लागतो, पण जे विद्यार्थी हातचे जाऊ नयेत असं वाटतं, विशेषतः खेळाडू, त्यांना विद्यापीठ त्याच्या बरंच आधी कळवतं : शाळेतली कामगिरी अशीच राहू द्या, प्रवेश तुमचा आहे. ते पत्र पाळलं जातं, कारण निवड करणारा आणि पत्र लिहिणारा एकच. आपल्याकडे कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, जागेसाठी असं पत्र व्हीजेटीआयसारख्या नामांकित इंजिनिअरिंग कॉलेजच्या संचालकांनाही देता येणार नाही. जागा वाटतो तो संगणक. गुणवत्ता क्रमांक, आरक्षण आणि तुमचा पसंतीक्रम एवढंच त्याला कळतं. म्हणून कॅपमधली सीट यादीआधीच पक्की करून देतो, असं जो सांगतो तो सरळ थापा मारतो. (मॅनेजमेंट कोट्याची कथा निराळी, तिच्यात आज शिरत नाही.)

मग आपल्या हाती उरतो गेल्या वर्षीचा कट-ऑफ. पण हा आकडा कॉलेज ठरवत नाही. परीक्षा, जागा, नियम आणि इतर मुलांची आवड या चौघांच्या ओढाताणीत जो शेवटचा विद्यार्थी आत येतो, त्याचे ते मार्क. यातलं एक जरी हललं तरी आकडा हलतो. २०१० मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी ‘बेस्ट फाइव्ह’ (सर्वाधिक मार्कांचे पाच विषयच धरायचे) आलं आणि टक्केवारीच वर सरकली. २०२० मध्ये अकरावीची पहिली यादी लागून गेली होती. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षणाला स्थगिती दिली आणि पुढची फेरी नोव्हेंबरपर्यंत अडकून पडली. २०२१ मध्ये तर दहावीची परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के निकाल लागला, आणि अकरावीसाठी ठरवलेली सीईटी उच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये रद्द केली. इंजिनिअरिंगकडे वळलात तर तंत्रशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईनं २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांना एका शाखेत किती मुलं घ्यावीत यावरची कमाल मर्यादा उठवली. आयआयटी मुंबईचं कम्प्युटर सायन्स खुल्या गटात पहिल्या शंभराच्या आतच संपतं, ते वर्षानुवर्षं तसंच आहे. पण मधल्या फळीतल्या कॉलेजांचे आकडे असे स्थिर राहत नाहीत, आणि बहुतेक मुलं त्या मधल्या फळीतच असतात. त्यात कट-ऑफचा तक्ता वाचणंही सोपं नाही. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेपुढे ‘जीओपनएच’ आणि ‘जीओपनओ’ असे दोन वेगळे आकडे दिसतात : पहिला त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठी, दुसरा बाहेरच्यांसाठी. ‘एल’नं सुरू होणारा रकाना मुलींच्या राखीव जागांचा. भलत्या रकान्यातला आकडा पाहून घाबरणारे आणि निर्धास्त होणारे, दोन्ही सापडतात.

आता मुख्य मुद्दा. ‘पहिला पर्याय आवाक्याबाहेरचा टाकला तर तो फुकट जातो आणि दुसऱ्या कॉलेजातही नंबर मागे पडतो,’ असं कित्येक पालक ठामपणे सांगतात. ऑनलाइन प्रक्रियेआधी, म्हणजे २००९ पूर्वी, मुंबईत कॉलेजा-कॉलेजाच्या रांगेत उभं राहून फॉर्म भरावे लागत, तेव्हाची ही धास्ती असावी. आता वाटप तसं होत नाही. गुणवत्ता यादीत तुमचा क्रमांक आला की संगणक तुमचा पहिला पर्याय पाहतो. तिथे जागा नसेल तर दुसरा, मग तिसरा. आणि हे सगळं तुमच्या मागच्या क्रमांकाच्या मुलाचा फॉर्म उघडण्याआधी. त्यामुळे वर रुईया लिहून ते नाही मिळालं, तरी खाली लिहिलेल्या पाटकरवरचा तुमचा हक्क तिळभरही कमी होत नाही. उलट, मिळणार नाही म्हणून रुईया गाळलंत आणि यंदा तिथला आकडा खाली आला, तर ती जागा तुमच्या मागच्याला जाते. वरची क्रमवारी आवडीनं लावावी. आणि मनोरीच्या मुलाच्या आवडीत बोटीची पहिली फेरी कितीची हेही धरलेलं असावं.

यावर सर्वांत जड आक्षेप असा, की अकरावीच्या अर्जात पर्याय दहाच. ते खरं आहे. २०२५ मध्ये दहावीला २११ जणांना शंभर टक्के मिळाले. माथ्याशी इतकी दाटी असताना दहाही कॉलेजं नामांकित लिहिणारं मूल कोरडं राहू शकतं. कट-ऑफचं काम नेमकं इथे आहे : शेवटचे दोन-तीन पर्याय असे हवेत, की गेल्या तीन-चार वर्षांतल्या सगळ्यात चढ्या आकड्यालाही तुमचे मार्क पुरतील. दुसरा आक्षेप इंजिनिअरिंगच्या पालकांचा. २०२५ च्या कॅपमध्ये पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिघांपैकी एक आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एक मिळाला की तो आपोआप पक्का होत होता. इथे माझा नियम थोडा वाकतो, हे कबूल. दुसऱ्या फेरीत तिसरा पर्याय लागला तर पहिल्याची वाट बंद. पण म्हणून वर सोपं कॉलेज टाकणं हा उपाय नाही. त्यानं तर नकोशा जागी अडकण्याची शक्यताच वाढते. जिथे बांधलं गेलं तरी हरकत नाही, अशीच नावं त्या वरच्या घरांत हवीत.

तिसरा प्रश्न भीतीचा. आधीच काहीतरी हातात असावं म्हणून पालक एखाद्या खासगी विद्यापीठाच्या प्रोव्हिजनल पत्रावर घाईघाईनं फी भरतात. ते गैर नाही, पण पावती जपावी आणि परताव्याची तारीख पाहून ठेवावी. २०२४-२५ साठी यूजीसीनं ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्याला पूर्ण फी परत द्यायला सांगितलं होतं.

गेल्या वर्षीच्या कट-ऑफहून चांगला अंदाजही देता येतो. आयआयटी-एनआयटीच्या ‘जोसा’ प्रक्रियेत, जी २०१५ पासून चालते, पर्याय कायम करण्याआधी नमुना वाटप जाहीर होतं : आत्ता भरलेल्या पर्यायांवर आज वाटप झालं असतं तर तुम्हाला काय मिळालं असतं. ते पाहून सगळेच पर्याय बदलतात, मग त्याला अर्थ काय, असं विचारलं जातं. अर्थ एवढाच, की ते यंदाच्या मुलांच्या यंदाच्या आवडीवर बेतलेलं असतं, बंधनकारक नसतं आणि फुकट असतं. कौन्सेलरला पैसे देऊ शकणाऱ्या अंधेरीच्या घराला आणि न देऊ शकणाऱ्या मनोरीच्या घराला ते एकाच दिवशी, एकसारखं दिसतं. आपल्या राज्याच्या प्रक्रियेत तात्पुरत्या गुणवत्ता यादीतून तुमचा क्रमांक कळतो. त्या क्रमांकावर कुठलं कॉलेज, ते कळत नाही. इंजिनिअरिंगसाठी सीईटी सेलनं आणि अकरावीसाठी शिक्षण संचालनालयानं वाटपाची तीच संगणकप्रणाली फॉर्म बंद होण्याच्या आठवडाभर आधी एकदा चालवावी आणि निकाल प्रत्येकाच्या लॉगिनमध्ये दाखवावा. नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. वेळापत्रकात चार दिवस काढावे लागतील.