घामोळ्याला हवा लागू द्या

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, कडेवर तान्ही पोरं असतात. त्याच सुमाराला जळगाव, भुसावळ, शिरपूरकडे पारा 44-45 अंशांवर चढलेला असतो. बाळाच्या मानेच्या वळीत, पाठीवर बारीक लाल पुरळ उठतं. आजी म्हणते, "आतली उष्णता बाहेर पडतेय, पडू दे." पण आजी, ही उष्णता आतली नाही, बाहेरचीच आहे.

घाम अंगावर तसाच राहिला की कातडीचा वरचा थर भिजून फुगतो आणि घामाची छिद्रं बुजतात. अडकलेला घाम कातडीतच झिरपतो, टोचतो. तान्ह्या बाळाच्या घामाच्या नळ्या अजून पुरत्या तयार नसतात, म्हणून त्याला घामोळं लवकर येतं. मोठ्यांना ते येतं कमरेला, काखेत, आणि केळीचे घड वाहणाऱ्या मजुराच्या खांद्या-पाठीवर.

अंग कोरडं आणि थंड राहिलं, तर घामोळं काही दिवसांत आपोआप बसतं. आपणच बसू देत नाही. बाळाला तेल चोपडतो, वर पावडर थापतो, त्यावर दुपटं गुंडाळतो. तेलानं छिद्रं आणखी बुजतात. पावडरीचे घामात गोळे होतात आणि ती बाळाच्या श्वासात जाते ते वेगळंच. त्यात आपला खान्देशी कूलर! तो लावून खिडक्या घट्ट बंद करतात. दमट हवा खोलीत कोंडते, घाम वाळतच नाही. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा.

दिवसातून दोनदा साध्या पाण्यानं आंघोळ घाला, अंग न घासता टिपून घ्या, सैल सुती झबलं घाला. मोठ्यांना खाज फार असेल तर कॅलामाइन लोशन पुरे. मेडिकलमधून परस्पर खाजेची ट्यूब मात्र आणू नका. अशा बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असतं. पुरळ गजकर्णाचं निघालं, तर ते तात्पुरतं दबतं आणि पुन्हा जोरात पसरतं.

आधी ताप, खोकला, लाल डोळे आणि तीन-चार दिवसांनी कानामागून, कपाळावरून खाली उतरणारं पुरळ, हे घामोळं नव्हे. तो गोवर असू शकतो. त्याची लस नऊ महिन्यांनी आणि पुढे 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. राहिली असेल तर देऊन घ्या. घामोळ्यात पू धरला, बाळाला ताप आला किंवा ते दूध ओढेनासं झालं, तर घरगुती उपाय थांबवा आणि त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.