अब्बांचा वस्तरा



अम्मी गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेला अब्बांचा वस्तरा होता. शिंगाची मूठ, पितळी खिळे आणि गंजाखालून डोकावणारे ‘सोलिंगेन’ हे नाव. जर्मनीतले हे शहर पात्यांसाठी इतके नावाजलेले, की त्याच्या नावाला 1938 पासून कायद्याचे संरक्षण आहे.

अब्बा बार्शीत प्राथमिक शिक्षक होते. सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या, की ते खिडकीला आरसा टांगत, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवत आणि बातम्या संपायच्या आत दाढी उरकत. त्या वस्तऱ्याला हात लावायची आम्हा मुलांना सक्त मनाई होती. मी लावला. 1981 साली, पतंगाच्या दिवसांत, बांबूची कामटी तासायला. धारेला बारीकशी खांड पडली. मी वस्तरा मिटून गुपचूप जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी अब्बांनी पाते उजेडात धरून पाहिले, पण कुणालाच काही विचारले नाही. आठवड्याभरात घरात ब्लेडचे रेझर आले. वस्तरा ट्रंकेत गेला. मीही कधी काही बोललो नाही.

आता वाटले, हा आपणच दुरुस्त करावा. आधी नाक्यावरच्या धार लावणाऱ्याकडे गेलो. त्याने पाते पाहिले आणि चाकाला न लावताच परत दिले. म्हणाला, “साहेब, याचं पाणी उतरेल.” पोलादाला पाणी देतात ते तापवून, विझवून. वस्तऱ्याची धार कागदाहून पातळ असते. फिरत्या चाकावर ती क्षणात तापते, निळी पडते आणि मऊ होते. एकदा निळी पडली, की तेवढा भाग घासून काढण्यावाचून इलाज नसतो.

म्हणून सगळे हाताने केले. गोडे तेल आणि बारीक वॉटर पेपर घेऊन गंज काढला. बोटे नेहमी पाठीच्या बाजूला, धारेच्या समोर कधीच नाही. काही काळे डाग खोल गेले होते. ते काढायचे तर पातेच झिजले असते. धारेला त्यांचा त्रास नव्हता, म्हणून राहू दिले.

खरे काम खांडीचे. ती अर्धा मिलिमीटरच असेल, पण ती घालवायची तर शेजारची सगळी धार तेवढीच खाली आणावी लागते. त्यासाठी पाते दगडावर उभे धरून धार मुद्दाम बोथट करायची. अब्बांनी वर्षानुवर्षे जपलेली धार मी आपल्या हाताने मारत होतो. दोन रविवार गेले. खांड गेली आणि मधोमध आत गेलेली धार सरळ झाली.

पुढे धार नव्याने बसवायची. वस्तऱ्याची पाठ जाड आणि दोन्ही गाल खोलगट असतात. पाते आडवे ठेवले, की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात आणि कोन आपोआप साधतो. पाठ झिजू नये म्हणून सुरुवातीला तिच्यावर चिकटपट्टी लावली. आधी हजार नंबरचा दगड, मग चार हजारांचा, शेवटी आठ हजारांचा. दोन्ही बाजूंनी सारखेच हात, आणि जोर अजिबात नाही. जोर दिला की धार दुमडते. दगडावर धार पुढे चालते, चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला पोचल्यावर पाते पाठीवर उलटायचे, नाहीतर पट्टाच कापला जातो. अब्बांच्या मनगटाची ती लकब मला आठवत होती. हाताला ती यायला महिना लागला.

गेल्या ईदच्या सकाळी त्या वस्तऱ्याने दाढी केली. हनुवटीवर एकदा कापले, पण बाकी ठीक. नातू शेजारी उभा होता. त्याने विचारले, “दादा, हा एवढी वर्षं बंद का होता?” मी म्हणालो, “गंजला होता.”

पन्नाशी उलटलेला माणूस पुन्हा खोटे बोलला. पाते सरळ झाले, पण कबुली राहिलीच होती. अब्बा दाढी करताना रेडिओ लक्ष देऊन ऐकत. म्हणून आज इथे, आकाशवाणीवरून सांगतो: अब्बा, ती खांड मी पाडली होती.