सातव्या पिनेचें वर्तन

संगणक, दूरचित्रवाणी संच, बॅटरीचा चार्जर या साऱ्यांच्या पोटांत घरगुती विजेचा दाब उतरविणारा एक परिवर्तक असतो. तो वीज सेकंदाला हजारों वेळां तोडतो आणि जोडतो. केव्हां तोडावयाची हें एक चिप ठरविते. अशा चिपांत युनिट्रोड या अमेरिकन कंपनीनें काढलेली यूसी ३८४२ फार प्रसिद्ध आहे. तिला आठ पिना. माहितीपत्रकांत प्रत्येकीचें नांव दिलेलें असतें, परंतु नांवावरून स्वभाव कळत नाहीं.

सातवी पिन चिपला वीज पुरविते. नवशिक्यास वाटतें, येथें वीज दिली कीं काम झालें. प्रत्यक्षांत येथील दाब सुमारें १६ व्होल्टांपर्यंत चढेतों चिप निजलेली असते आणि एक मिलिअँपियरहूनही कमी प्रवाह घेते. एकदां जागी झाली, म्हणजे दाब १० व्होल्टांपर्यंत उतरल्याखेरीज ती निजत नाहीं. मधले हे सहा व्होल्ट म्हणजे तिची शिदोरी. २३० व्होल्टांची वीज एकदिश केल्यावर सुमारें ३२५ व्होल्ट होतात. तेथून एका मोठ्या रोधांतून थेंबथेंब प्रवाह येऊन सातव्या पिनेवरील कपॅसिटर भरतो. जाग्या चिपला व तिनें चालविलेल्या मॉस्फेटला मात्र, समजा, २० मिलिअँपियर लागतात. तेवढें त्या रोधांतून येत नाहीं. ट्रान्स्फॉर्मरवरील साहाय्यक वेटोळें पुरवठा हातीं घेईपर्यंत कपॅसिटरवरच गुजराण! तो ४७ मायक्रोफॅरडचा असेल, तर सुमारें १४ मिलिसेकंदांची सवड मिळते.

आतां हिची बहीण ३८४३ पाहा. पिना त्याच, क्रमही तोच. परंतु ती ८.४ व्होल्टांवर उठते आणि ७.६ व्होल्टांवर निजते. त्याच कपॅसिटरवर सवड जेमतेम दोन मिलिसेकंदांची! दुकानांत ३८४२ नाहीं म्हणून ३८४३ बसविली, तर वेटोळें सावरण्यापूर्वींच चिप निजते, कपॅसिटर पुन्हां भरतो, ती पुन्हां उठते, आणि संच कांहीं सुरू होत नाहीं.

असेंच चक्र अस्सल ३८४२ असतांही घडतें. बंद संचांतून टिक् टिक् असा आवाज आला कीं चिप गेली असें ठरवून ती बदलणारे कारागीर पुष्कळ. गिऱ्हाइकाचा खर्च मात्र फुकट जातो. वास्तविक ती टिकटिक बहुधा चिप जिवंत असल्याची खूण होय. वाळलेला कपॅसिटर, वेटोळ्याचा डायोड किंवा पलीकडील शॉर्ट आधीं तपासावा.

तिसरी पिन याहून तापट. मॉस्फेटच्या प्रवाहाचें माप तिच्यावर फार तर एक व्होल्ट झालें कीं चिप तेवढ्या आवर्तनापुरती वीज तोडते. नेमकी मर्यादा पहिली पिन ठरविते. मॉस्फेट चालू होतांक्षणीं उठणारी क्षणिक उसळीही तिला खरी वाटते, म्हणून पिनेलगत लहानसा रोध व कपॅसिटर बसवितात. ते मोठे घेतले, तर खरा धोका उशिरां कळतो.

सातव्या पिनेवर ऑसिलोस्कोप लावून पाहावा. १६ आणि १० व्होल्टांमध्यें करवतीच्या दांतांसारखी रेषा दिसली, तर चिप उठते आहे, पण तिला पुढचा पुरवठा मिळत नाहीं. मात्र हा भाग घरच्या विजेशीं थेट जोडलेला असतो. संच अलगीकरण ट्रान्स्फॉर्मरवर घेतल्यावांचून उपकरण लावूं नये.